सस्पेन्शन बोल्टची घरगुती टॉर्क-आवळणी

मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील (चाके बॉडीला जोडून धक्के शोषणाऱ्या यंत्रणेतील) लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा), स्ट्रट, अँटी-रोल बार इ. भागांचे बोल्ट कारखान्याने ठरवून दिलेल्या टॉर्कइतके (फिरवण्याच्या जोराइतके), टॉर्क पान्याने मोजून, घरीच आवळण्याची पद्धत. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये देतात, जुन्या मॅन्युअलांत किलोग्रॅम-मीटर आढळते (१ किग्रॅ.-मी. = ९.८१ न्यूटन-मीटर). एककाची गल्लत झाल्यास आवळणी सुमारे दहापट चुकते.

टॉर्क पान्याच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांनी नळांच्या फ्लँजचे (जोडाच्या कडांचे) बोल्ट कमीजास्त आवळले जातात हे पाहून १९१८ च्या सुमारास असे साधन बनवल्याचे सांगतात. मात्र हा त्यांचा स्वतःचाच दावा आहे. पहिला पेटंट अर्ज शिकागोच्या जॉन शार्प यांनी १९३१ मध्ये केला. बार व जॉर्ज फेफर्ले यांचे पेटंट १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यातले. शार्प यांचे साधन टॉर्क नुसता दाखवणारे, तर बार यांचे ठरलेल्या टॉर्कला आवाज करून इशारा देणारे होते. त्यामुळे दोघांचे श्रेय वेगवेगळे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजचा ‘टक’ वाजणारा क्लिक पाना बार यांच्या परंपरेतला.

टॉर्क हे साधन, साध्य म्हणजे बोल्टमधील ताण. लावलेल्या टॉर्कचा सुमारे ९० टक्के भाग बोल्टचे डोके व आटे यांच्या घर्षणातच खर्ची पडतो. १२ मिमी. व्यासाचा कोरडा बोल्ट ८० न्यूटन-मीटरला आवळला, तर (टॉर्क व ताण यांचा संबंध सांगणारा ‘नट फॅक्टर’ हा गुणक ०.२ धरून) सुमारे ३३ किलोन्यूटन ताण येतो. आट्यांना ऑइल लागून गुणक ०.१५ झाला, तर त्याच टॉर्कला तो ४४ वर जातो, ८.८ या ताकद-दर्जाच्या बोल्टला हे मर्यादेच्या फार जवळचे आहे. म्हणून मॅन्युअलात सांगितले नसेल तर ग्रीस लावू नये.

रबरी बुशमधून (सांध्यातल्या, आत धातूची नळी असलेल्या रबरी अस्तरातून) जाणारे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना आवळायचे असतात. चाके लोंबकळत असताना आवळल्यास बुशची आतली नळी त्याच कोनात जखडते, गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दुरुस्तीत ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. घरी यासाठी चाकांखाली भक्कम रॅम्प देतात, अथवा बॉडी जॅक स्टँडवर ठेवून दुसऱ्या जॅकने लोअर आर्म नेहमीच्या उंचीपर्यंत उचलतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

क्लिक पाना हँडलच्या मुठीलाच धरून संथपणे ओढावा व पहिल्या ‘टक’ला थांबावे, खात्रीसाठी पुन्हा ओढल्यास टॉर्क वाढू शकतो. लांबी वाढवणारा जोड पान्याच्या रेषेत लावल्यास आकडा बदलतो, काटकोनात लावल्यास जवळपास तोच राहतो. कॅसल नटची (वर खाचा असलेल्या नटची) फट स्प्लिट पिनच्या (नट फिरू न देणाऱ्या दुमडत्या पिनच्या) भोकाशी जुळत नसेल तर नट पुढे न्यावा, मागे सोडू नये. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) नवा घालावा.

पुण्यात सुटे भाग व बोल्ट प्रामुख्याने नाना पेठेत मिळतात. सोसायटीचे पार्किंग उताराचे असल्यास काम सपाट जागी करावे, चाकांना उटी (अडसर) लावावी.

पाना वापरानंतर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवतात. गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी तो वापरत नाहीत. वर्षातून एकदा किंवा ५,००० आवळण्यांनंतर कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करून घेण्याचा प्रघात आहे.