संन्यास आणि त्याग: गीतेच्या अठराव्या अध्यायातली गाठ

सतरा अध्याय ऐकून झाल्यावर अर्जुन एक शेवटचा प्रश्न विचारतो. विश्वरूप पाहून झालेलं आहे, भक्ती, ज्ञान, तीन गुण सगळं कानावरून गेलेलं आहे, आणि तरी त्याला दोन शब्दांचा उलगडा हवा आहे: ‘संन्यासस्य महाबाहो तत्त्वमिच्छामि वेदितुम् । त्यागस्य च हृषीकेश पृथक्केशिनिषूदन ॥’ संन्यासाचं तत्त्व काय आणि त्यागाचं काय, ते मला ‘पृथक्’ सांग, म्हणजे वेगवेगळं करून सांग. या दोन शब्दांची गल्लत होते, हे अर्जुनाच्या तोंडूनच आपल्याला कळतं. गीता वाचताना इथे अडखळणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये. पहिला अडखळलेला वाचक अर्जुनच आहे.

आपली अडचण त्याच्याहून थोडी जास्त आहे, कारण हे दोन्ही शब्द रोजच्या मराठीत वेगळ्याच अर्थाने रुळले आहेत. ‘त्यांनी राजकारणातून संन्यास घेतला’ म्हणजे ते निवृत्त झाले. ‘आईने मुलांसाठी फार त्याग केला’ म्हणजे तिने स्वतःचं सुख बाजूला ठेवलं. हे अर्थ मनात घेऊन अठरावा अध्याय उघडला की संन्यास म्हणजे काम बंद करणं आणि त्याग म्हणजे सोसणं असं वाटू लागतं. गीतेला यातलं काहीच म्हणायचं नाही.

आधी शब्द पाहू. त्याग ‘त्यज्’ धातूपासून आला, अर्थ सोडणे. संन्यासात सम्, नि आणि ‘अस्’ धातू आहे. अस् म्हणजे टाकणे, आणि नि लागला की खाली ठेवणे. त्यातलाच ‘न्यास’ आपण आजही वापरतो: देवस्थानाचा न्यास, सार्वजनिक न्यास. न्यास म्हणजे कुणावर विश्वासून सोपवलेली ठेव. म्हणून तिसऱ्या अध्यायात ‘मयि सर्वाणि कर्माणि संन्यस्य’ येतं, तेव्हा तिथे कर्मं फेकून द्यायची नसतात, भगवंताच्या ठायी ठेवायची असतात, आणि त्याच श्लोकाच्या शेवटी ‘युध्यस्व’ आहे. सर्व कर्मांचा संन्यास कर आणि लढ, एकाच वाक्यात! संन्यास म्हणजे हात आवरणं असा अर्थ धरला तर हा श्लोक लागतच नाही.

आता भगवंतांचं उत्तर. ‘काम्यानां कर्मणां न्यासं संन्यासं कवयो विदुः । सर्वकर्मफलत्यागं प्राहुस्त्यागं विचक्षणाः ॥’ काम्य कर्मं सोडणं याला ज्ञानी लोक संन्यास म्हणतात. सर्व कर्मांचं फळ सोडणं याला जाणकार त्याग म्हणतात.

काम्य म्हणजे काय हे इथे नीट कळायला हवं. जुन्या शास्त्रात कर्मांचे गट पाडलेले आहेत. रोज करायचं ते नित्य, उदाहरणार्थ संध्या. निमित्त आलं की करायचं ते नैमित्तिक, जसं ग्रहणाचं स्नान किंवा श्राद्ध. करूच नये ते निषिद्ध. आणि काही हवं आहे म्हणूनच जे केलं जातं ते काम्य. मुलासाठी पुत्रकामेष्टी, पावसासाठी कारीरी इष्टी. आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे नवस. ‘पोरगा पास झाला तर पाच नारळांचं तोरण वाहीन’ हे निव्वळ काम्य कर्म. ती इच्छाच नसती तर ते तोरणही नसतं.

दोन्हींतला फरक मला असा दिसतो. संन्यास कर्मांच्या यादीवर आडवी रेघ मारतो: ही ठेवायची, ही टाकायची. त्याग यादीला हात लावत नाही. तो प्रत्येक कर्माच्या आत शिरतो आणि कर्म ठेवून त्याच्या फळावरचा आपला हक्क सोडून देतो. संन्यासाचा प्रश्न ‘काय करायचं’ हा आहे, त्यागाचा प्रश्न ‘कसं करायचं’ हा.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. त्यात विनोबा म्हणतात की फलत्यागाची कसोटी लावली की काम्य आणि निषिद्ध कर्मं आपोआपच गळून पडतात. हे पटण्यासारखं आहे. ज्या कर्माचं सारं कारणच फळ आहे, त्याचं फळ काढून घेतल्यावर उरतं काय? नवसातून ‘पास झाला तर’ काढून टाकलं की नवस संपतो, उरते ती नुसती पूजा. म्हणजे श्लोकातला त्याग संन्यासाला पोटात घेऊन बसलेला आहे. कदाचित म्हणूनच भगवंत पुढे स्वतःचं मत देताना ‘निश्चयं शृणु मे तत्र त्यागे’ म्हणतात. प्रश्न दोन शब्दांबद्दल होता, आणि दोन्हींच्या व्याख्या ‘ज्ञानी म्हणतात’, ‘जाणकार म्हणतात’ अशा इतरांच्या नावावर दिल्या. स्वतःचा निश्चय मात्र त्यागाबद्दल सांगितला. हा बारकावा पारायणाच्या वेगात सहज निसटतो.

इथे एक जुनी शंका आहे, आणि ती शंकराचार्यांनी भाष्यात स्वतःच मांडली आहे. नित्य कर्मांना फळच नसतं असं काही लोक म्हणत. मग त्यांच्या फळाचा त्याग कसा करणार? वांझेने पुत्राचा त्याग करावा तसं ते होईल. आचार्यांचं उत्तर असं की नित्य कर्मांनाही फळ असतं, हेच भगवंतांना अभिप्रेत आहे, आणि पुढे इष्ट, अनिष्ट, मिश्र अशा तीन फळांचा श्लोक येतो तेव्हा ते दाखवतीलच. मला ही शंका फार मोलाची वाटते. कारण ‘मी तर माझं कर्तव्य करतो, मला कुठे काही हवंय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. कर्तव्याचंही फळ असतं: मान, समाधान, ‘मी किती केलं’ याची नोंद. सोडायचं ते हेही.

गोंधळ खरा वाढतो तो पुढच्या दहा श्लोकांत. व्याख्या वेगळ्या दिल्या, आणि मग सातव्या श्लोकात ‘नियतस्य तु संन्यासः कर्मणो नोपपद्यते’, म्हणजे नेमून दिलेल्या कर्माचा संन्यास योग्य नाही, असं सुरू करून पुढच्याच ओळीत त्याच गोष्टीला ‘परित्याग’ म्हटलं. बाराव्या श्लोकात तर ‘अत्यागी’ लोकांच्या समोर ‘संन्यासी’ उभे केले. वेगळं करून सांग म्हटलं होतं, आणि शब्द पुन्हा एकमेकांत मिसळले! यावरही शंकराचार्यांचं एक नेमकं वाक्य आहे: संन्यास आणि त्याग हे शब्द घट आणि पट यांच्यासारखे भिन्न जातीचे नाहीत. घडा वेगळा, कापड वेगळं, तसं इथे नाही. सोडणं हा गाभा दोन्हीकडे एकच, फरक कशाचं सोडणं एवढ्यापुरता. हे धरून वाचलं की सातवा आणि बारावा श्लोक खटकत नाहीत.

पण या अध्यायातला सगळ्यात मोठा फरक संन्यास आणि त्याग यांच्यात नाहीच असं मला वाटतं. तो त्याग आणि त्यागासारखं दिसणारं यांच्यात आहे. भगवंत तीन त्याग सांगतात. मोहाने नेमून दिलेलं कर्म सोडलं तर तो तामस. ‘दुःखमित्येव’, म्हणजे त्रास होतो म्हणून, शरीराला कष्ट पडतील या भीतीने सोडलं तर तो राजस, आणि अशा माणसाला त्यागाचं फळ मिळत नाही. कर्म केलं पाहिजे म्हणून केलं, आणि आसक्ती व फळ सोडलं, तर तो सात्त्विक. नीट पाहा: पहिल्या दोन त्यागांत कर्म सुटलं आहे, तिसऱ्यात कर्म चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला पहिले दोघेच त्यागी दिसतील.

आता पहिल्या अध्यायाचा शेवट आठवा. ‘विसृज्य सशरं चापं’, बाणासकट धनुष्य टाकून अर्जुन रथात बसला आहे. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून खाणं बरं. भिक्षा हे संन्याशाचं अन्न. ‘न योत्स्ये’, मी लढणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं. म्हणजे अर्जुन सुरुवातीलाच काहीतरी सोडून बसलेला आहे आणि त्याला ते थोर वाटतं आहे. शेवटच्या अध्यायात तो संन्यास आणि त्याग यांबद्दल विचारतो, ते कोशातले अर्थ कळावेत म्हणून विचारत नाही. मी रथात धनुष्य टाकलं त्याला काय नाव द्यायचं, हे त्याला कळायला हवं आहे. उत्तर त्याला थेट मिळत नाही, पण ‘मोहात्’ हा शब्द पेरला जातो. साठाव्या श्लोकात तोच शब्द पुन्हा येतो: मोहाने जे तू करू इच्छित नाहीस, तेच तू स्वभावाने बांधलेला असल्यामुळे परवश होऊन करशील.

मग भगवी वस्त्रं घेतलेल्या संन्याशाचं काय? इथे परंपरेत खराच मतभेद आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पाचव्या अध्यायात भगवंत म्हणतात, दोन्ही कल्याणाचे, पण कर्मसंन्यासापेक्षा कर्मयोग विशेष. सहाव्याच्या पहिल्या श्लोकात म्हणतात, फळाचा आश्रय न घेता कर्तव्य करणारा तोच संन्यासी आणि तोच योगी; अग्नी सोडला, क्रिया सोडली म्हणून कुणी संन्यासी होत नाही. शंकराचार्यांच्या मते कर्मयोग चित्तशुद्धीसाठी. आत्मज्ञान झालेल्याला सर्व कर्मांचा संन्यास. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेला गीतेवरचा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, त्याचं सगळं बळ नेमकं याच्या उलट मतावर आहे: ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी, कर्म करत राहायचं. मला टिळकांची बाजू अर्जुनाच्या प्रसंगाशी जास्त जुळणारी वाटते. मात्र ‘नैष्कर्म्यसिद्धिं परमां संन्यासेनाधिगच्छति’, म्हणजे कर्मापलीकडची परम सिद्धी संन्यासाने मिळते, हा अठराव्यातला एकोणपन्नासावा श्लोक आचार्यांच्या बाजूने बोलतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे.

ज्ञानेश्वरी वाचताना मला या ठिकाणी नेहमी ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत आठवतात. परंपरा सांगते, त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले. त्यापायी मुलांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून समाजाने बाहेर ठेवलं. त्याच घरातल्या मुलाने शके १२१२ मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली, आणि सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, संन्यासी तोच योगी, अशी एकवाक्यतेची गुढी शास्त्रांनी उभारली आहे असं सांगितलं. कुठेही कडवटपणा नाही. संन्यास या शब्दाने ज्यांचं बालपण पोळलं, त्यांनी तो शब्द इतक्या मायेने उलगडावा, हे वाचताना मी दर वेळी थांबतो.

आता दोन प्रश्न, जे हमखास विचारले जातात.

फळाचा त्याग म्हणजे परिणामाचा विचार सोडायचा का? मुळीच नाही. याच अध्यायाचा पंचविसावा श्लोक पुढचे परिणाम, नाश, हिंसा आणि आपली ताकद यांचा विचार न करता मोहाने सुरू केलेल्या कर्माला तामस म्हणतो. पाहा, मोह इथेही आहे. लगेच पुढे सात्त्विक कर्त्याचं वर्णन येतं ते ‘धृत्युत्साहसमन्वितः’, धीर आणि उत्साह असलेला. शेतकऱ्याने बियाणं पारखून घ्यावं, पावसाचा अंदाज बघावा, हा कर्माचाच भाग. पीक आलं नाही तर आपण मातीमोल झालो असं समजू नये, हा फलत्याग. आखणीत ढिलाई करून वर ‘मला फळाची अपेक्षा नाही’ म्हणणं हा त्याग नव्हे.

दुसरा प्रश्न आमच्या वाचनात एका आजींनी विचारला होता: ‘संध्याकाळी दिवा लावते, तेव्हा घरच्यांचं बरं कर म्हणते. तेही सोडायचं?’ त्या दिवशी मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर वाटलं, त्यांना विचारायला हवं होतं की घरात कुणाचं बिनसलं त्या संध्याकाळी तुम्ही दिवा लावला की नाही. लावला असेल, आणि तो लावलाच असणार, तर तो दिवा काम्य नाही. मनात मागणं उमटणं आणि मागण्यासाठीच कर्म करणं यात नवस आणि सांजवात यांच्याइतकं अंतर आहे.

शेवटचा अवघड श्लोक सहासष्टावा: ‘सर्वधर्मान्परित्यज्य मामेकं शरणं व्रज’, सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये. सातव्या श्लोकात ज्या ‘परित्यागा’ला तामस म्हटलं, तोच शब्द इथे भगवंत आज्ञा म्हणून देतात. शंकराचार्य इथे सर्व कर्मांचा संन्यास वाचतात. रामानुजाचार्य मात्र याच अध्यायाच्या सुरुवातीकडे बोट दाखवतात: तिथे फळ, आसक्ती आणि कर्तेपण सोडणं हाच त्याग सांगितला, तोच इथे घ्यायचा. धर्म आचरायचे, पण ‘मी आचरतो’ हे सोडायचं. त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन काय म्हणतो त्याच्याशी हा अर्थ मला जास्त जुळताना दिसतो. त्याने ‘सगळं सोडलं’ असं म्हटलेलं नाही. तो म्हणतो, ‘नष्टो मोहः’, माझा मोह गेला, आणि पुढे ‘करिष्ये’, मी करीन.