‘आमच्या वेळी वॉर्ड आम्हीच चालवायचो’ : नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

मेडिसिन वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर सुरगाण्याकडचे एक आजोबा होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. सकाळी बॅक केअर, म्हणजे पाठीची निगा, देताना कमरेखाली रुपयाएवढा लाल डाग दिसला. अंगठ्याने दाबून बघितला, पण पांढरा पडेना. दाबूनही पांढरा न पडणारा डाग म्हणजे बेडसोअरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी, हे पहिल्या वर्षापासून घोकलेलं. उपायही साधा आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, कातडी कोरडी ठेवायची. आठ वाजता मी त्यांना डाव्या कुशीवर केलं, पाठीशी उशी लावली. मग लॅबमधून रिपोर्ट आणायला गेले. मग एक्स-रेला दोन पेशंट नेले. मग डिस्चार्जच्या फायली. दीड वाजता परत आले तेव्हा आजोबा पुन्हा पाठीवर होते आणि उशी खाली पडलेली. दुसऱ्या दिवशी तिथली साल निघाली होती. त्यांच्या सोबतची आजी मला म्हणाली, “पोरी, काल एवढं नव्हतं ना गं?”

मी नाशिकमध्ये बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी इनचार्ज सिस्टरांशी हे बोलले. त्या प्रेमळ आहेत, हात अतिशय हलका, इन्ट्राकॅथ (सलाइनची सुई) लावताना लहान मूलही रडत नाही. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी अख्खा वॉर्ड आम्ही स्टुडंटच चालवायचो. तशाच शिकलो.” त्या सकाळी 46 पेशंटना तीन सिस्टर होत्या, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. नर्सिंग शिक्षणाचा इतिहास वाचत गेले तेव्हा कळलं की त्या अगदी खरं सांगत होत्या. विद्यार्थिनींनी वॉर्ड चालवायचा, ही या शिक्षणाची मूळ रचनाच होती.

फ्लोरेन्स नाइटिंगेल 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात गेल्या आणि परतल्यावर लोकवर्गणीच्या निधीतून 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत 15 मुली होत्या. एक वर्षाचं प्रशिक्षण, राहणं-जेवण तिथेच, वर थोडा भत्ता, आणि त्या बदल्यात वॉर्डातलं काम. त्या काळात बायकांना घराबाहेर पडून हातात कला आणि प्रतिष्ठा देणारी अशी वाट दुसरी कुठली होती? नाइटिंगेलबाईंचं ऋण मोठंच आहे. मात्र हा नमुना जगभर गेला तसा रुग्णालयांनी त्यातला सोयीचा भाग आधी उचलला. शाळा काढली की कमी खर्चात मनुष्यबळ मिळतं. शाळा रुग्णालयाच्या पोटात, तिचं बजेट रुग्णालयाच्या हातात, आणि मुलींचं वेळापत्रक ठरवायचं ते मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, वॉर्डाच्या गरजेनुसार.

भारतात हेच आलं, फक्त इथे जातीची आणि सोवळ्याची भिंत आड होती. परक्याचा मळ काढायचा, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्र घराबाहेर काढायची, हे ‘चांगल्या घरच्या’ मुलीचं काम नव्हे असंच मानलं जाई. म्हणून सुरुवातीला मिशनरी दवाखाने आणि ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन मुली यांच्यावरच हे शिक्षण उभं राहिलं. मुंबईत 1891 साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या भारतीय नर्स म्हणून एका ओळीत येतं आणि पुढे काहीच येत नाही. मला त्यांच्याबद्दल खूप काही जाणून घ्यायचं आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1897 मध्ये, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्याकडे नर्सचं सर्टिफिकेट नव्हतं, पण महाराष्ट्रात या कामाला मान मिळवून देणाऱ्यांत मी त्यांचं नाव पहिलं घेते.

ही भिंत फोडायला मराठी बाजूने ज्या संस्थेने सर्वांत जास्त जोर लावला ती पुण्याची सेवासदन. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. विधवा आणि गरजू बायकांना स्वतःच्या पायावर उभं करायचं तर शिक्षिका आणि नर्स ही दोन कामं, असा विचार होता. सेवासदनच्या मुली पुण्याच्या ससून रुग्णालयात नर्सिंग शिकल्या. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म आमच्या जिल्ह्यातल्या निफाडचा, 1842 सालचा. निफाडवरून रोज एसटीने कॉलेजला येणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला.

नर्सची कायद्याने नोंदणी आली ती बरीच नंतर. मुंबई इलाख्यात 1935 साली नर्सेस, मिडवाइव्ह्ज अँड हेल्थ व्हिजिटर्स कायदा झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. देशात 43 हजार लोकांमागे एक नर्स, असं चित्र समितीने मांडलं. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगचे पहिले पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. माझ्या दृष्टीने हे वर्ष फार महत्त्वाचं, कारण नर्सिंगची विद्यार्थिनी विद्यापीठाची विद्यार्थिनी ठरू शकते, केवळ रुग्णालयाची शिकाऊ नोकर नव्हे, ही कल्पना इथे रुजली. 1947 च्या कायद्याने नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणारी भारतीय परिचर्या परिषद आली आणि 1966 च्या कायद्याने महाराष्ट्राची परिषद.

कल्पना रुजली, पण वॉर्डातली सवय मोडली नाही. भारतीय परिषदेचं प्रमाण असं आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, म्हणजे एका पाळीला नऊ खाटांमागे एक, आणि वर रजेसाठी 30 टक्के जादा. या हिशेबाने आमच्या 46 पेशंटना त्या सकाळी पाच सिस्टर हव्या होत्या. होत्या तीन. मधल्या दोघींची जागा कोणी भरली, हे वेगळं सांगायला नको. विद्यार्थिनी या संख्येत धरायच्याच नसतात. पण ड्यूटी लिस्ट करणाऱ्याच्या मनात त्या धरलेल्या असतात, आणि आम्ही परीक्षेसाठी सुट्टीवर गेलो की वॉर्डात जी धावपळ उडते तिच्यावरून हे लगेच कळतं.

नाशिकचं नाव या इतिहासात ठळकपणे येतं ते 1998 साली. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकच्या म्हसरूळला आलं आणि राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं एका छत्राखाली गेली. तोवर प्रत्येक कॉलेज आपापल्या भागातल्या विद्यापीठाला जोडलेलं असे. अभ्यासक्रम आणि परीक्षा एकसारखी झाली, हा मोठाच फायदा. याच काळात खासगी नर्सिंग कॉलेजंही भराभर निघाली, आणि जुना व्यवहार चक्क उलटा झाला. पूर्वीची मुलगी कामाच्या बदल्यात राहणं, जेवण आणि भत्ता मिळवत होती. आताची फी भरते, हॉस्टेलचे पैसे भरते आणि कामही करते. तिच्या वडिलांनी कुठे द्राक्षबागेवर कर्ज काढलेलं असतं, कुठे आईचे दागिने मोडलेले असतात.

शिवाय कॉलेजं वाढली तशा शिकायच्या खाटा वाढल्या नाहीत. म्हणून आमची तक्रार दोन टोकांची आहे आणि बाहेरच्याला ती विसंगत वाटते. एका ठिकाणी आम्ही हात म्हणून वापरल्या जातो, तर दुसरीकडे, विशेषतः लेबर रूममध्ये, तीन कॉलेजच्या मुली एका बाईभोवती टाचा उंचावून उभ्या असतात. ती बाई कळा देत असते आणि तिच्या लाजेचा विचार करायला कोणाला सवड नसते. घरी जाऊन प्रोसिजर बुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, मात्र ती प्रसूती ‘केली’ असं लिहिलं जातं, जी खरं तर फक्त ‘पाहिली’ होती. दोन्हीत शिकवणारं माणूस शेजारी नसतं. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, पण ट्यूटर कॉलेजात लेक्चर घेत असतात आणि आम्ही वॉर्डात असतो. शेवटच्या सत्रात तर 22 आठवडे, आठवड्याला 48 तास, अशी रेसिडेन्सी, म्हणजे सलग वॉर्डातलं काम, आहे. वेळ भरपूर आहे, त्या वेळात बाजूला कोण उभं आहे यावर सगळं अवलंबून आहे.

पास झाल्यावरची काळजी वेगळीच. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बॉन्ड लिहून घेणं, मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवणं याविरुद्ध परिषदेने 2011 मध्येच भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा 20 हजारांच्या खाली नको. सीनियर मुली ऑफर लेटरचे फोटो पाठवतात, त्यावरचे आकडे यापेक्षा पुष्कळ खाली असतात. सरकारी भरतीकडे सगळ्यांचे डोळे लागतात ते यामुळेच. मे 2022 मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्याचं मुख्य कारण खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीला विरोध हे होतं. त्याआधी वर्षभर, 21 एप्रिल 2021 रोजी, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि एका दुपारी 22 रुग्ण गेल्याची बातमी आली. आमच्यापैकी कितीतरी जणी तेव्हा शाळेत होत्या. अशा वेळी पेशंटच्या उशाशी उभं राहावं लागणारं माणूस कोण, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पेशंटच्या सेवेबद्दल बोलायचं तर मला कायम मुंबईचं केईएम रुग्णालय आठवतं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मे 2015 मध्ये त्या गेल्या. मधली जवळपास 42 वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि त्यांच्या अंगावर बेडसोअर नव्हते याची दखल देशाने घेतली. तिथे कोणतंही महागडं यंत्र नव्हतं. कूस वेळेवर बदलायला माणूस होतं, आणि ते काम महत्त्वाचं मानलं जात होतं. बारा नंबरच्या आजोबांनाही तेवढंच हवं होतं.

आता 2023 च्या कायद्याने 1947 चा कायदा बाजूला सारून राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद केली आहे. आमच्या बॅचला त्यापेक्षा जवळचं दिसतं ते 2027 चं सिंहस्थ. गर्दी वाढली की दवाखान्यांवर ताण येणार आणि विद्यार्थिनींना बोलावणं येणार. जायची आमची तयारी आहे, मनापासून आहे. पण आमच्या सुरक्षेची तयारी कोण करणार? मागच्या महिन्यात माझ्या रूममेटला सुईचं टोपण परत लावताना सुई टोचली. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू करायची, हे तिला पाठ होतं. पण कुठल्या खिडकीत जायचं, कोणाला सांगायचं, हे वॉर्डात कोणीच सांगू शकलं नाही. तिचे हिपॅटायटिस बी चे डोसही पूर्ण नव्हते. पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. परवा आम्ही वर्गातल्या सगळ्यांची यादी केली, कोणाचा कितवा डोस राहिला आहे ती, आणि प्राचार्य मॅडमच्या टेबलावर ठेवली.