शिंगे घालवली, पाठी हरवल्या

बिनशिंगी शेळी पाळायला सोपी. इतरांना ढुशी मारून जखमी करत नाही, जाळीत डोके अडकवत नाही. म्हणून बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळ्यांनाच दाखवायचा, म्हणजे सगळा कळप तसाच होईल, असा हिशोब मांडला जातो. पुढे पाठी, म्हणजे मादी करडे, कमी आणि बोकड जास्त जन्मू लागतात. पाठ म्हणून वाढवलेली काही करडे गाभणच राहत नाहीत. धड नर ना धड मादी अशा करडाला कुणी अपशकुनी ठरवतो, कुणी देवाची करणी म्हणतो. करणी असलीच तर ती जोड्या लावणाऱ्याची!

शाळेतला मेंडेल आठवा. शिंगे घालवणारा जनुकदोषच लिंगही बिघडवतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. शिंगे घालवायला या दोषाची एकच प्रत पुरते, म्हणजे तो प्रभावी. लिंग बिघडवायला मात्र दोन्ही प्रती लागतात, तिथे तोच दोष अप्रभावी. एकेक सदोष प्रत असलेल्या जोडीच्या एक्सएक्स, म्हणजे गुणसूत्रांनी मादी असलेल्या, पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा यात सापडतो.

फ्रेंच संशोधकांनी २००१ साली याचे मूळ शोधले: पहिल्या गुणसूत्रावरून गळालेला सुमारे ११,७०० डीएनए-अक्षरांचा तुकडा. त्यात प्रथिनाची कृती लिहिलेलीच नाही. जवळपास तीन लाख अक्षरे दूर असलेल्या फॉक्सएल-२ या जनुकाचे ते बटण आहे. हे जनुक गर्भातल्या बीजांडकोशाला बीजांडकोश ठेवते, सॉक्स-९ सारख्या नर-जनुकांना दाबून धरते. ते सुरूच झाले नाही, तर वाय गुणसूत्र नसतानाही वृषण घडू लागते, गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा असताना. २०१४ मध्ये एकटे फॉक्सएल-२ निकामी करून पाहिले, तरी एक्सएक्स शेळीत वृषणच तयार झाले. २०२० मध्ये आणखी गुंता निघाला: गळालेल्या तुकड्याच्या जागी दुसरीकडच्या सुमारे ४.८ लाख अक्षरांच्या भागाची जादा नक्कल उलटी येऊन बसलेली असते. एक्सवाय नराला बीजांडकोश नकोच असतो, त्यामुळे त्याचे लिंग बदलत नाही. दोन्ही प्रती सदोष असलेल्या काही नरांत शुक्राणूंची वाट मात्र तुंबते.

मेंढ्यांत शिंगांचा कारभार आरएक्सएफपी-२ या वेगळ्याच जनुकाकडे आहे, म्हणून तिथे हा घोटाळा नाही. जुळ्या भावाशी वारेतून रक्त जोडले गेल्याने एखादी मेंढी वांझ निघते खरी, पण तो जन्मजात दोष आहे, आनुवंशिक नव्हे.

शेळ्यांतला उपाय बिनखर्चाचा: जोडीतले एक जनावर जन्मतः शिंगे असलेले हवे. दोष प्रभावी असल्याने शिंगाळ शेळीत तो लपून राहू शकत नाही, आणि मग दोन्ही प्रती सदोष असलेले करडू त्या जोडीला होत नाही. निम्मी किंवा त्याहून जास्त करडे तरीही बिनशिंगीच निघतात.