घराच्या नूतनीकरणातील ध्वनियोजना

घराचे काम काढले की भिंती उघड्या असतानाच प्रत्येक खोलीत संगीत पोहोचवण्यासाठी आणि दिवाणखान्यात होम थिएटर उभारण्यासाठी लागणाऱ्या तारा, पाइप, सॉकेट आणि स्पीकरच्या जागा ठरवून घेणे, याला नूतनीकरणातील ध्वनियोजना म्हणता येईल. मुंबईतील फ्लॅटमध्ये हे काम तोडफोड संपल्यापासून प्लास्टर होईपर्यंतच्या थोड्या दिवसांत आटोपावे लागते. एकदा गिलावा, पीओपी आणि रंग झाला की राहून गेलेली एक तारही केसिंग-पट्टीतून भिंतीवरून न्यावी लागते. ॲम्प्लिफायर आणि टीव्ही काही वर्षांनी बदलतात, भिंतीतला पाइप मात्र पुढचे काम निघेपर्यंत तसाच राहतो. म्हणून उपकरणे निवडण्याआधी पाइपांचा मार्ग ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

घरभर ऐकण्याची सोय आणि होम थिएटर यांच्या गरजा वेगळ्या असतात. सकाळी अभंग किंवा बातम्या लावून घरातील माणसे खोल्यांमधून वावरत असतात तेव्हा बेताचा आवाज सर्वत्र सारखा ऐकू यावा लागतो, आणि त्यासाठी छतातील साधे स्पीकर पुरतात. होम थिएटरमध्ये एका ठरावीक बैठकीसाठी ध्वनीची दिशा जुळवायची असते. ५.१ रचनेत पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा स्पीकर, असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे ऐकणाऱ्याच्या बाजूला पण किंचित मागे, असावेत. २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉस या ध्वनिपद्धतीमुळे डोक्यावरील स्पीकरची भर पडली, ५.१.२ यातील शेवटचा आकडा त्यांची संख्या सांगतो.

मुंबईच्या दिवाणखान्यात हे कोन सहजी जुळत नाहीत. दहा बाय अठरा फुटांच्या हॉलमध्ये टीव्ही एका लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, अशीच मांडणी बहुधा असते. तेथे डोळ्यांपासून पडद्याचे अंतर सुमारे सव्वादोन मीटर भरते आणि ५५ इंची टीव्हीला ते योग्यही असते, परंतु सोफ्यामागे सराउंडसाठी जागाच उरत नाही. अशा वेळी ते दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर घ्यावेत आणि सोफा भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढावा. एका बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा रस्ता असेल, तर त्या बाजूचा स्पीकर छतात घेण्यावाचून गत्यंतर नसते; मग दुसऱ्या बाजूचाही छतातच घ्यावा, कारण एक खाली आणि एक वर असला की ध्वनी एकीकडे कललेला वाटतो.

सोसायटीची लेखी परवानगी मिळाल्यावर पहिला प्रश्न येतो तो झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत कोरायची खाच, कुठे मारायची हा. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत ती मारता येते, पण बीम आणि कॉलमला छिन्नी लावू नये. मायवान पद्धतीने, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून, बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये भिंतीही काँक्रीटच्या व भार पेलणाऱ्या असतात; तेथे तारा फॉल्स सीलिंगमधून किंवा टीव्हीमागच्या लाकडी पॅनेलमधून न्याव्या लागतात. फॉल्स सीलिंग करायचे असल्यास स्लॅब आणि जिप्सम यांच्यामध्ये स्पीकर बसेल इतके अंतर आधीच राखावे, अन्यथा नेमक्या त्याच जागी एसीचा ड्रेन पाइप येतो.

तारेच्या जाडीबाबत थोडे गणित करावे. टीव्हीच्या कपाटापासून वर, छतातून आडवी जाऊन मागच्या खोलीत उतरणारी तार सहज २० मीटर भरते, आणि विद्युतप्रवाह जाऊन परत येत असल्यामुळे तांब्याची लांबी ४० मीटर होते. १.५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.४६ ओहम होतो, तर २.५ चौरस मिलिमीटरचा सुमारे ०.२८. तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा असा संकेत आहे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा ०.४ ओहम होते, म्हणून येथे जाड तार घ्यावी. मुंबईतील विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, दोन्ही मापे मिळतात आणि किमतीतला फरक पुन्हा भिंत फोडण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो.

उपकरणातून टीव्हीपर्यंत चित्र आणि ध्वनी नेणाऱ्या एचडीएमआय केबलचा प्रश्न निराळा आहे. साधी तांब्याची केबल लांब गेली की ४के चित्र अडखळते, त्यामुळे दूरच्या प्रोजेक्टरसाठी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशतंतूंची, केबल वापरतात. तिला दिशा असते. कोणते टोक उपकरणाकडे आणि कोणते पडद्याकडे हे न पाहता ओढल्यास चित्र येत नाही. या केबलचा प्लग २५ मिलिमीटरच्या पाइपच्या एल्बोत, म्हणजे काटकोनी जोडात, अडकतो, म्हणून टीव्ही आणि कपाट यांच्यामध्ये ५० मिलिमीटरचा पाइप मोठ्या वळणाने टाकावा आणि त्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. विजेच्या तारा या पाइपात घालू नयेत. फूटभर अंतर राखावे आणि ओलांडायचेच झाल्यास काटकोनात ओलांडावे, नाहीतर स्पीकरमधून घुमघुम ऐकू येऊ लागते.

अनेक खोल्यांचे स्पीकर एकाच ॲम्प्लिफायरला समांतर जोडणे ही नेहमीची चूक आहे. ८ ओहमचे दोन जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २, आणि तेवढा भार न पेलवल्याने ॲम्प्लिफायर बंद पडतो. प्रत्येक खोलीला वेगळा झोन देणारा ॲम्प्लिफायर घ्यावा. वायरलेस स्पीकरमुळे हे टळते खरे, पण दाटीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते आणि काँक्रीटमधून ५ गिगाहर्ट्झची लहर फारशी पार होत नाही. तेव्हा वायरलेस घ्यायचे ठरले तरी प्रत्येक खोलीत नेटवर्कची एक कॅट-६ केबल टाकून ठेवणे हिताचे आहे.

शेजाराचा विचार योजनेतच व्हायला हवा, कारण वरच्याचा स्लॅब तोच आपला छत असतो. खर्जाचे ध्वनी काँक्रीटमधून दूरवर जातात. सबवूफर जाड रबरी पॅडवर ठेवल्याने कंपन कमी होते, पूर्ण थांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

पावसाळ्यात दमट खाऱ्या हवेने तांब्याची उघडी टोके हिरवी पडतात, म्हणून ती सोल्डर केलेली किंवा बंद टर्मिनलमध्ये असावीत. पश्चिमेकडच्या बाहेरील भिंतीत आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत ओल उतरते. तेथे सॉकेटचे डबे बसवणे टाळावे.

गवंड्याने झिरी बुजवण्याआधी दोन कामे उरतात. प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून तिचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळते. नंतर प्रत्येक तारेच्या एका टोकाला स्पीकर तात्पुरता जोडून दुसऱ्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा; सेलची धन बाजू लाल टेपची खूण केलेल्या तारेला लावावी, आणि स्पीकरचे धन टर्मिनलही लाल खुणेच्याच तारेला जोडलेले असावे. टक् असा आवाज येऊन स्पीकरचा पडदा बाहेरच्या बाजूला सरकला तर धन-ऋण बरोबर आहे. आत गेला तर टोके उलटी आहेत, आणि लाल टेपची खूण तेव्हाच बदलून घ्यावी.