झिरी मारायच्या आत ठरवा: ऑफिसच्या इंटिरिअरचं काम काढणाऱ्या ग्राहकांसाठी

"चौरस फुटाला काय रेट?" फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो. रेट आम्ही सांगतो. पण प्लाय कुठली, पार्टिशन काचेचं की जिप्समचं, हे ठरल्याशिवाय त्या आकड्यावर जाऊ नका. शिवाय भारी प्लाय घेतल्याने जेवढा खर्च वाढतो, त्याहून जास्त झालेलं काम तोडल्याने वाढतो. हे पत्रक ती तोडफोड टाळण्यासाठीच काढलं आहे.

होतं असं. मालक प्लॅन बघतात, "करा सुरू" म्हणतात. इलेक्ट्रिशियन भिंतीत झिऱ्या (वायरिंगच्या पाइपसाठी खाचा) मारतो, पाइप टाकतो, पॉइंट काढतो, प्लास्टर होतं. आणि मग बाकीचे पहिल्यांदा साइटवर येतात. अकाउंट्सच्या मॅडम विचारतात, फायलींचं कपाट माझ्या हाताशी का नाही? भागीदारांना केबिन रस्त्याच्या बाजूला हवी असते. वास्तू बघणारे येतात आणि मालकांच्या खुर्चीचं तोंड फिरतं. टेबल चार फूट सरकलं की कॉम्प्युटरचा पॉइंट, नेटवर्कची केबल, वरचा दिवा सगळंच सरकतं. पुन्हा झिरी, पुन्हा प्लास्टर, ते वाळेपर्यंत थांबायचं, मग पुट्टी, मग रंग. तोवर सुतार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

यातलं एकही मागणं गैर नाही. मॅडमचं तर शंभर टक्के बरोबर आहे, दिवसभर तिथं त्याच बसणार आहेत. फक्त हे सगळं झिरीच्या आधी यायला हवं.

म्हणून आमचा एक नियम आहे. रिकाम्या जागेत फरशीवर खडूने प्रत्येक टेबल, कपाट आणि दार पूर्ण मापात आखून दाखवतो. त्यावर तुमची सही झाल्याशिवाय भिंतीला हात लावत नाही. "एवढा वेळ कशाला घालवता?" असं काही जण म्हणतात. पण खडू ओल्या फडक्याने पुसता येतो. त्या दिवशी मालक, भागीदार, वास्तू बघणारे आणि रोज तिथं बसणारी निदान दोन-तीन माणसं, सगळ्यांनी या. चौकटीत खुर्ची ठेवून बसून बघा. टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत ३ फूट तरी हवेत, आणि मागून येणं-जाणं असेल तर ४ फूट. कागदावर हे पटत नाही, खुर्ची मागे सरकवली की लगेच कळतं.

माणसांचा हिशोबही तेव्हाच होतो. ४ बाय २ फुटांचं टेबल, खुर्ची आणि वाटेचा वाटा धरून एका माणसाला साधारण ५० चौरस फूट लागतात. ६०० चौरस फूट कार्पेटमधून (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेतून) १० बाय १२ ची केबिन, बाहेरची बैठक, टॉयलेट आणि पॅन्ट्री वजा करा. उरलेल्या जागेत सात-आठ माणसं नीट बसतात. पंधरा बसवता येतात, पण मग एकाचा फोन सगळ्यांना ऐकू येतो आणि अकाउंट्सवाल्यांच्या बेरजा चुकतात.

दुसरं, आपल्या सोलापूरचं ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पश्चिमेची काच दुपारनंतर तापते. तिथं बसलेला माणूस एसी कितीही मोठा लावला तरी वैतागतो. पश्चिमेला कपाटं, पॅन्ट्री, जिना ठेवावा आणि माणसं उत्तर-पूर्वेच्या उजेडात बसवावीत. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. सगळ्यात चांगली खिडकी मालकांच्या केबिनला देण्याची पद्धत आहे. मालक अर्धा दिवस कारखान्यावर किंवा बाजारात असतात, त्यामुळे आमचा सल्ला वेगळा असतो. तरी निर्णय तुमचाच.

धंदा कोणता, यावरही मांडणी ठरते. चादर-टॉवेलवाल्यांनी सॅम्पलच्या टेबलाकडे विशेष लक्ष द्यावं. पिवळ्या दिव्याखाली ग्राहकाने पसंत केलेली शेड बाहेर उजेडात वेगळीच दिसते, आणि मग माल आल्यावर वाद होतो. ते टेबल उत्तरेच्या खिडकीजवळ घ्यावं, वर ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), रंग खरे दाखवणारा दिवा लावावा आणि भिंत पांढरी किंवा करडी ठेवावी. युनिफॉर्मवाल्यांनाही हेच लागू आहे. सीएंच्या ऑफिसात रिटर्न भरायच्या घाईत, जुलैमध्ये, कामाला मुलं वाढतात, तिथं लांब सामाईक टेबल आणि जादा पॉइंट आधीच काढून ठेवतो.

कॉम्प्युटरची लाइन एसीपासून वेगळी ठेवतो आणि ती यूपीएसवर घेतो. यात काटकसर सुचवू नका, आम्ही करणार नाही.

मापं, प्लॅन आणि खडूची आखणी याचे पैसे आम्ही वेगळे घेतो. काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वजा होतात. नाही दिलंत तरी प्लॅन तुमचाच, कोणाकडूनही काम करून घ्या.

येताना जागेचा नकाशा, माणसांची यादी (कोण कोणाजवळ बसायला हवं, हेही लिहून) आणि जुन्या ऑफिसातल्या अडचणी घेऊन या. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर पूजा करायची असेल तर एक ध्यानात घ्या: पाडव्याच्या पंधरा दिवस आधी होळी येते आणि आमचे बरेच सुतार राजस्थान, उत्तर प्रदेशातले, ते होळीला गावी जातात. तेव्हा खडूची आखणी गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) भरायच्या आत उरकून घ्या.