इम्पालाचा गिअरबॉक्स परत बसवायला पूर्ण दिवस का लागतो?

गिअरबॉक्सचं काम झालंय, आता नुसता जोडायचाच आहे ना, मग आणखी एक दिवस कशाला? साठच्या दशकातली शेव्हरोले इम्पाला आमच्याकडे सोपवणारे बहुतेक मालक हे विचारतात. तिच्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकचं सगळं भवितव्य त्या जोडण्यावरच असतं, म्हणून.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला मोठा गोल डबा असतो, तो टॉर्क कन्व्हर्टर. तो तीन ठिकाणी अडकावा लागतो: स्टेटरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या न फिरणाऱ्या नळीच्या दात्यांत, इनपुट शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या दात्यांत आणि ऑइल पंपाच्या खाचांत. हाताने गोल फिरवत हलकेच ढकलला की तो खट्कन आत सरकतो, मग पुन्हा एकदा सरकतो. इथेच फसगत होते. बसला असं वाटतं, पण पंपाची खाच अजून सापडलेलीच नसते.

अशा वेळी गिअरबॉक्स इंजिनला टेकत नाही, थोडी फट राहते. बोल्ट आवळले की फट मिटते खरी, पण आतला पंप तडकतो. तेलाचा दाब तयार होत नाही, गाडी जागची हलत नाही आणि नव्याने केलेलं सगळं काम वाया जातं. आम्ही बोल्टने गिअरबॉक्स कधीच ओढून घेत नाही. डॉवेल पिनांवर, म्हणजे जागेवर नेमकं बसवणाऱ्या खुंट्यांवर, तो हातानेच इंजिनला चिकटला पाहिजे. नंतर कन्व्हर्टर मोकळा फिरतो का आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनच्या मागे फिरणारी, कन्व्हर्टर जिला जोडतात ती चकती) मध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर जागा आहे का, ते पाहतो. जागा नसेल तर संध्याकाळ झाली असली तरी गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरतो. ही जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला जरूर या. त्या दिवशी आम्ही आधी फोन करतो.

रेडिएटरमधला ऑइल कूलर आणि त्याचे पाइप आम्ही धुऊन घेतो, कारण जुन्या क्लचचा चुरा तिथेच साचलेला असतो.

तेल डेक्स्रॉन जातीचंच घाला. पातळी बघताना गाडी सपाट जागी, गरम, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. इंजिन बंद ठेवून पाहिलं तर तेल जास्त दिसतं. खूण ओलांडून भरूही नका, तेलाला फेस येतो.

आणखी एक. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय, असं दिसलं तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका. इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या, गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटर या छोट्या भागाचा पडदा फाटला की इंजिन व्हॅक्यूमच्या नळीतून हेच तेल ओढून जाळतं. नळी काढून आत तेल आहे का, एवढं आधी बघा.