जैवसमतुल्यता चाचणी (प्रतिजैविक कॅप्सूल)

मूळ ब्रँडच्या आणि जेनेरिक कॅप्सूलमधले औषध सारख्याच प्रमाणात व सारख्याच वेगाने रक्तात उतरते का, हे माणसांवर तपासण्याची पद्धत. दोन्ही कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅमच औषध असले, तरी तेवढ्यावरून त्या शरीरात सारखेच काम करतील असे म्हणता येत नाही.

हा धडा क्लोरॅम्फेनिकॉलने दिला. विषमज्वरावर एके काळी सर्रास दिले जाणारे हे प्रतिजैविक अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनी ‘क्लोरोमायसेटिन’ नावाने विकत असे. १९६६ मध्ये पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांच्या कॅप्सूल बाजारात आल्या. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी माणसांना हे वेगवेगळे नमुने देऊन रक्त तपासले गेले, तेव्हा काही जेनेरिक कॅप्सूलनंतर रक्तातली पातळी बरीच कमी भरली. औषध तेच होते, पण कॅप्सूलमधली भुकटी जठररसात लवकर मोकळी होत नव्हती. अभ्यास पार्क-डेव्हिसच्याच संशोधकांचा असल्याने त्यात कंपनीचे हित होते, हे विसरू नये. पण दाखवलेला दोष खरा होता. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जैवसमतुल्यतेचे नियम केले. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्यानंतर जेनेरिकच्या मंजुरीचा मुख्य आधार हीच चाचणी ठरली.

अमॉक्सिसिलिनची चाचणी घेतली, तर स्वयंसेवक रात्रभर उपाशी राहून सकाळी ठरावीक पाण्याबरोबर एक कॅप्सूल घेतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना आधीच वगळलेले असते. हे औषध साधारण एक ते दोन तासांत शिखर पातळी गाठते आणि त्याचे अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ) जेमतेम तासाभराचे असते, म्हणून पहिल्या काही तासांत रक्ताचे नमुने वारंवार घ्यावे लागतात. शरीरातून औषध पूर्ण निघून गेले की तीच व्यक्ती दुसरी कॅप्सूल घेते. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्याने माणसामाणसांतला फरक आड येत नाही.

निकाल दोन मापांवर ठरतो: रक्तातली सर्वोच्च पातळी आणि पातळीच्या आलेखाखालील क्षेत्रफळ, म्हणजे एकूण किती औषध रक्तात उतरले याचे माप. दोन कॅप्सूलच्या सरासरींच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतर (खरे गुणोत्तर ज्या पट्ट्यात असल्याची ९० टक्के खात्री धरतात तो पट्टा) ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. याचा अर्थ ‘जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी चालते’ असा लावला जातो, तो साफ चुकीचा आहे. विश्वासांतराची दोन्ही टोके मर्यादेत राहायची, तर प्रत्यक्ष गुणोत्तर बहुधा १०० टक्क्यांच्या जवळच असावे लागते.

प्रतिजैविकांत ही काटेकोरी विशेष हवी. पेनिसिलिन गटातल्या औषधांचा परिणाम, जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या किमान पातळीच्या वर ती किती वेळ टिकतात, यावर अवलंबून असतो. पातळी अपुरी राहिली तर रुग्ण बरा होत नाही, शिवाय तग धरून राहिलेल्या जिवाणूंना प्रतिरोधाची संधी मिळते.

भारतात नवे औषध मंजुरीनंतर चार वर्षांनी ‘नवे’ राहत नसे आणि पुढच्या उत्पादकांना राज्यांकडून या चाचणीविना परवाना मिळू शके. एप्रिल २०१७ च्या दुरुस्तीने, विरघळणे व शोषले जाणे यांवरून औषधांचे जे चार वर्ग करतात त्यांतल्या, पाण्यात कमी विरघळणाऱ्या दुसऱ्या व चौथ्या वर्गातल्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या परवान्यासाठी ती सक्तीची झाली. ही पळवाट बंद व्हायला बराच उशीर झाला.